जुन्या विंडोजचे नाव खोडण्यापूर्वी नोंदवही कोणत्या डिस्कवर आहे ते पाहावे

आपण विचारलेले थोडक्यात असे. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात आपण दिवाणजी आहात. दुकानातला संगणक मुळात विंडोज ७ वर चालत होता. पुढे त्यात एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज १० घालून घेतले, जुनी हार्ड डिस्क मात्र आत तशीच जोडलेली राहिली. तेव्हापासून संगणक सुरू केला की निळ्या पडद्यावर दोन नावे येतात, तीस सेकंद तशीच राहतात आणि कोणी कळ दाबली नाही तर विंडोज १० सुरू होते. गेल्या आठवड्यात दुकानातल्या मुलाकडून विंडोज ७ निवडले गेले, तिथल्या जुन्या हिशेबात त्याने दोन दिवसांच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब) भरल्या, आणि त्या नव्या हिशेबात दिसेनात तेव्हा घोळ लक्षात आला. आता आपल्याला विंडोज ७ हे नाव यादीतून काढायचे आहे आणि जमल्यास जुनी डिस्क कोरी करून बिलांच्या स्कॅन प्रतींसाठी वापरायची आहे.

यादीतले नाव काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एमएसकॉन्फिग असे टंकावे, बूट (म्हणजे संगणक सुरू होणे) या भागात जावे, विंडोज ७ ची ओळ निवडावी आणि डिलीट म्हणावे. बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळते आणि ते चूकही नाही. परंतु आपण वर्णन केलेल्या संगणकात मी ते पहिले पाऊल म्हणून सुचवणार नाही, कारण नाव खोडल्याने काही बिघडणार नसले तरी त्यानंतर जुनी डिस्क कोरी करण्याचा जो बेत आपण सांगितला आहे त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, सौद्याच्या वेळी, संगणक मुळीच सुरू न होण्याची मोठी शक्यता आहे. तसे का होईल हे आधी सांगतो.

हरिपूरच्या पेवांची व्यवस्था आपल्या व्यवसायातील माणसाला समजावून सांगायला नको. हळद जमिनीखालच्या पेवात असे आणि कोणत्या पेवात कोणाचा किती माल आहे हे व्यापाऱ्याच्या वहीत असे. वहीतली ओळ खोडली म्हणून पेवातली हळद नाहीशी होत नसे आणि पेव रिकामे केले म्हणून वहीतली ओळ आपोआप पुसली जात नसे. संगणकाच्या सुरुवातीच्या यादीचे तसेच आहे. पडद्यावर दिसते ती केवळ नोंद. प्रत्यक्ष विंडोज म्हणजे डिस्कच्या एखाद्या पार्टिशनवरील, म्हणजे वेगळ्या पाडलेल्या भागावरील, हजारो फायली. त्यामुळे विंडोज ७ ची ओळ काढली तरी तिच्या सर्व फायली, जुने हिशेब आणि त्या मुलाने भरलेल्या पट्ट्या जागच्या जागी राहतात; उलट विंडोज ७ चे पार्टिशन कोरे केले तरी नाव यादीत तसेच राहते आणि ते निवडणाऱ्याला त्रुटीचा संदेश दिसतो. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. अडचण आहे ती वही कोणत्या गोदामात ठेवली आहे याची.

विंडोज एक्सपीच्या काळात ही वही म्हणजे बूट डॉट आयएनआय नावाची साधी मजकूर फाईल होती. ती नोटपॅडमध्ये उघडून नको ती ओळ पुसली आणि जतन केली की काम संपत असे; आम्ही अनेकांनी संगणक दुरुस्तीचा हा धंदा त्या फाईलवरच शिकला. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ती पद्धत मोडून बीसीडी, म्हणजे बूट कॉन्फिगरेशन डेटा, नावाचा साठा आणला. तो विंडोजच्या रजिस्ट्रीच्या घडणीचा असल्यामुळे नोटपॅडने वाचता येत नाही. त्याला हात लावायचा तर एमएसकॉन्फिग, बीसीडीएडिट किंवा बीसीडीबूट या विंडोजमधल्याच साधनांमार्फत लावावा लागतो. विंडोज ७ पासूनच्या जुन्या पद्धतीच्या संगणकांत हा साठा बहुधा सी ड्राइव्हवर नसतो. सिस्टिम रिझर्व्हड नावाचे एक लहानसे, ड्राइव्हचे अक्षर नसलेले पार्टिशन असते, त्यात तो राहतो. विंडोज ७ ने केलेले हे पार्टिशन १०० एमबीचे असे. माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नसल्यामुळे ते आहे हेच बहुतेकांच्या गावी नसते.

आता आपल्या संगणकाकडे येऊ. नव्या एसएसडीवर विंडोज १० घालताना जुनी डिस्क जोडलेली होती. अशा वेळी विंडोजचा सेटअप सुरू करण्याजोगे सिस्टिम पार्टिशन आधीच कुठे आहे का ते पाहतो, जुन्या डिस्कवर ते सापडले की नवीन वही न करता त्याच वहीत आपली एक ओळ वाढवतो आणि स्वतःच्या फायली तेवढ्या एसएसडीवर ठेवतो. म्हणजे विंडोज १० राहते नव्या जागेत, पण तिचा पत्ता लिहिलेला असतो जुन्या गोदामातल्या वहीत. दोन्ही नावे एकाच यादीत दिसत आहेत, यावरूनच मला ही शंका येते. एसएसडी बसवणाऱ्याने त्या वेळी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली असती तर विंडोज ७ चे नाव बहुधा या यादीत आलेच नसते. ती वायर न काढणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, कारण दोन्ही डिस्का जोडलेल्या असेपर्यंत सगळे सुरळीत चालते.

शंकेची खात्री करून घेणे सोपे आहे. स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. खालच्या बाजूस डिस्क ०, डिस्क १ अशा पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पार्टिशनखाली त्याची स्थिती लिहिलेली असते. येथे मायक्रोसॉफ्टने शब्दांची जी अदलाबदल करून ठेवली आहे ती ध्यानात घ्यावी: ज्याच्याखाली सिस्टिम लिहिले आहे त्या पार्टिशनवर बूटच्या फायली असतात आणि ज्याच्याखाली बूट लिहिले आहे त्यावर विंडोजची सिस्टिम असते. नवशिक्याने यावर रागावणे स्वाभाविक आहे. मीही सुरुवातीची काही वर्षे दरवेळी उलटेच वाचत असे. आपल्याला पाहायचे ते इतकेच, की सिस्टिम हा शब्द एसएसडीच्या पट्टीत आहे की जुन्या डिस्कच्या. कोणती पट्टी कोणत्या डिस्कची हे आकारावरून कळते. तो जुन्या डिस्कच्या पट्टीत असेल, तर माझे वरचे म्हणणे खरे ठरले.

आणखी पक्की चाचणी म्हणजे जुन्या डिस्कची वायर काढून संगणक सुरू करून पाहणे. मात्र त्यापूर्वी संगणक पूर्ण बंद झाला पाहिजे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हटल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर अर्धनिद्रित अवस्थेत लिहून ठेवला जातो आणि अशा स्थितीत डिस्क काढणे किंवा ती दुसऱ्या विंडोजमधून उघडणे फायलींना बाधक ठरू शकते. म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन म्हणावे, मागचे बटण बंद करावे, प्लग काढावा आणि मग वायरला हात लावावा. त्यानंतर सुरू केल्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर घाबरण्याचे कारण नाही. काहीही गेलेले नाही. बंद करून वायर परत जोडली की पूर्ववत होते.

या सगळ्याच्या आधी करायचे एक काम राहिले. विंडोज ७ अजून यादीत आहे तोवर ते एकदा मुद्दाम सुरू करून त्या दोन दिवसांच्या पट्ट्या छापून घ्याव्यात किंवा सॉफ्टवेअरच्या सोयीने फाईल म्हणून बाहेर काढाव्यात, आणि नव्या हिशेबात भरून दोन्हीकडच्या बेरजा जुळवाव्यात. नंतरही त्या फायली विंडोज १० मधून दिसतील हे खरे, पण सॉफ्टवेअरमध्ये उघडून छापणे आणि नुसत्या डेटाच्या फायली उचलणे यांत बराच फरक असतो, विशेषतः जुन्या आणि नव्या आवृत्तीत अंतर असेल तर. त्याचबरोबर नव्या हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. हे काम दुपारनंतर, दुकानातली वर्दळ ओसरल्यावर आणि यूपीएसची बॅटरी धड आहे याची खात्री करून करावे. हळदीच्या ऐन हंगामात किंवा मार्चअखेरीस तर या वाटेला जाऊच नये. तोवर यादी थांबण्याचा वेळ तीस सेकंदांवरून तीनवर आणला आणि मुलाला नीट सांगून ठेवले तरी दिवस निभावतात. हा बदल एमएसकॉन्फिगच्या बूट भागात टाइमआउट या शब्दासमोर करता येतो.

आता प्रत्यक्ष उपाय. नोंदवही जुन्या डिस्कवर आहे असे ठरले, तर जुन्या वहीत खाडाखोड करण्याऐवजी एसएसडीवर नवी वही सुरू करणे हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. प्रथम एमएसइन्फो३२ ही आज्ञा देऊन येणाऱ्या पडद्यावर बायोस मोड या शब्दांसमोर लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत) ते पाहावे; बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची मूळ व्यवस्था. विंडोज ७ च्या काळातल्या संगणकावर बहुधा लेगसी असेल आणि पुढचे वर्णन त्यासाठीच आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि पुढील आज्ञा द्यावी. येथे मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची आहेत.

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

विंडोज या शब्दाआधीची रेघ मागे झुकलेली आहे आणि एस व एफ यांच्याआधीच्या रेघा पुढे झुकलेल्या आहेत. प्रत्येक तुकड्यामध्ये एक जागा सोडायची. या आज्ञेचा अर्थ असा, की सी ड्राइव्हवरील विंडोजसाठी लागणाऱ्या सुरुवातीच्या फायली आणि नवी नोंदवही सी ड्राइव्हवरच तयार कर, आणि त्या लेगसी बायोसच्या पद्धतीच्या असू देत. यातील /एस सी: हा भाग गाळला तर बीसीडीबूट पुन्हा जुन्या डिस्कवरील वहीतच लिहिते आणि आपण होतो तिथेच राहतो. फायली तयार झाल्याचा संदेश आल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये परत जावे, एसएसडीवरील सी पार्टिशनवर उजवी कळ दाबून मार्क पार्टिशन अ‍ॅज अ‍ॅक्टिव्ह म्हणावे. अ‍ॅक्टिव्ह असण्याची खूण प्रत्येक डिस्कची स्वतंत्र असते, त्यामुळे जुन्या डिस्कवरची खूण याने जात नाही. परंतु पट्टी चुकवून दुसऱ्याच पार्टिशनवर ही खूण करू नये, एवढी काळजी घ्यावी.

त्यानंतर शिफ्ट धरून संगणक बंद करावा, जुन्या डिस्कची वायर काढावी आणि सुरू करताना बायोसमध्ये जाऊन एसएसडी हीच पहिली बूट डिस्क ठेवावी. विंडोज १० थेट, कोणतीही यादी न दाखवता, सुरू झाले पाहिजे. ते झाले नाही तर एसएसडीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये सुरुवातीचा कोड नसण्याची शक्यता असते. अशा वेळी जुनी डिस्क बाहेरच ठेवून विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, रिपेअर युअर कॉम्प्युटरमधून कमांड प्रॉम्प्टपर्यंत जावे आणि बूटरेक /फिक्सएमबीआर ही आज्ञा द्यावी. जुनी डिस्क बाहेर ठेवण्याचा आग्रह अशासाठी, की त्या क्षणी एकच डिस्क जोडलेली असली म्हणजे आज्ञा भलत्या डिस्कवर चालण्याचा प्रश्नच उरत नाही.

विंडोज १० एकट्या एसएसडीवरून सुरू झाले, की जुन्या डिस्कची वायर परत जोडावी आणि बायोसमधील क्रम बदलला नाही याची खात्री करावी. आता यादी दिसणार नाही, कारण नव्या वहीत एकच नाव आहे आणि एकच नाव असले की विंडोज विचारत बसत नाही. आपल्याला जे नाव काढायचे होते ते खोडावेच लागले नाही. शिवाय जुन्या डिस्कवरील जुनी वही जशीच्या तशी शाबूत आहे: पुढे कधी लेखापरीक्षकांना विंडोज ७ मधले काही पाहायचे झाले, तर संगणक सुरू होताना एकवेळच्या बूट मेनूची कळ दाबून जुनी डिस्क निवडली की दोन्ही नावांची ती यादी पुन्हा समोर येईल. ही कळ कोणती हे मदरबोर्डवर अवलंबून असते. एफ८, एफ११ किंवा एफ१२ यांपैकी एखादी असते आणि सुरुवातीच्या पडद्यावर क्षणभर लिहिलेली दिसते. दुकानातल्या मुलाकडून ती चुकून दाबली जाण्याचा संभव फारच थोडा.

एक बारीक गोष्ट: नव्या वहीत विंडोजच्या दुरुस्ती व्यवस्थेची नोंद कधी कधी येत नाही. कमांड प्रॉम्प्टवर रीएजंटसी /इन्फो म्हणावे आणि ती बंद दिसली तर रीएजंटसी /एनेबल म्हणून चालू करावी.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिस्टिम हा शब्द एसएसडीवरच निघाला, तर माझी शंका निराधार ठरली आणि आपले काम एमएसकॉन्फिगने होईल. तेथे विंडोज १० समोर करंट ओएस आणि डिफॉल्ट ओएस असे दोन्ही लिहिलेले असावे. डिफॉल्ट हा मान विंडोज ७ कडे असेल तर आधी विंडोज १० निवडून सेट अ‍ॅज डिफॉल्ट म्हणावे, मग विंडोज ७ ची ओळ काढावी, अप्लाय आणि ओके म्हणून संगणक पुन्हा सुरू करावा. ज्या विंडोजमधून आपण काम करत आहोत तिचे नाव हे साधन काढू देत नाही.

ही शेवटची सोयच एकदा माझ्या अंगाशी आली होती. तासगाव तालुक्यातील एका पतसंस्थेत, ऐन ३१ मार्चच्या आदल्या संध्याकाळी, यादीत विंडोज ७ हे एकच नाव दोनदा दिसत होते. एक चालू आणि एक अर्धवट राहिलेले. मी ज्यात होतो तेच चालू असे गृहीत धरून दुसरे काढले. प्रत्यक्षात मी अर्धवट विंडोजमध्ये बसलो होतो. प्रत्येक विंडोज स्वतः ज्या पार्टिशनवर असते त्यालाच बहुधा सी म्हणते, त्यामुळे अक्षर पाहून काही कळले नाही, आणि साधनाने मला अडवले नाही, कारण त्याच्या दृष्टीने मी दुसरेच नाव काढत होतो. फायली जागेवर होत्या, इन्स्टॉलेशन डिस्कवरून बीसीडीबूट चालवल्यावर दहा मिनिटांत सगळे परत आले. पण ती दहा मिनिटे सुरू होण्यापूर्वीचा तासभर संस्थेच्या व्यवस्थापकांसमोर कसा काढला ते माझे मला माहीत. तेव्हापासून एकसारखी नावे दिसली की मी काहीही काढण्याआधी नावे बदलतो.

त्यासाठी बीसीडीएडिट लागते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर प्रथम वहीची प्रत काढावी: बीसीडीएडिट /एक्सपोर्ट आणि पुढे फाईलचा पत्ता. मग नुसते बीसीडीएडिट म्हटले की प्रत्येक नोंदीचा ओळखक्रमांक, नाव आणि ती कोणत्या पार्टिशनकडे बोट दाखवते हे दिसते. करंट असा ओळखशब्द असलेली नोंद म्हणजे आत्ता चालू असलेले विंडोज. दुसऱ्या नोंदीसमोर पार्टिशनऐवजी अननोन लिहिलेले असेल तर तिची डिस्क निघून गेलेली आहे आणि ती निर्धास्त काढता येते. बीसीडीएडिट /सेट, ओळखक्रमांक, डिस्क्रिप्शन आणि अवतरणचिन्हांत नवे नाव अशा आज्ञेने तिला संशयित असे काहीतरी नाव द्यावे, संगणक पुन्हा सुरू करून ते नाव निवडून पाहावे, आणि आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्यावरच बीसीडीएडिट /डिलीट व ओळखक्रमांक असे म्हणावे. ओळखक्रमांक लांबलचक असतो. तो हाताने टंकू नये, पडद्यावरून उचलून चिकटवावा, आणि त्याचे महिरपी कंस गाळू नयेत. पॉवरशेलमध्ये हे कंस वेगळ्या अर्थाने घेतले जात असल्यामुळे आज्ञा फसते. म्हणून मी कमांड प्रॉम्प्टच म्हणत आहे. यादीत एक्सपीचे अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज असे नाव शिल्लक असेल तर त्याचा ओळखशब्द एनटीएलडीआर असतो आणि ते काढताना शेवटी /एफ जोडावे लागते. बीसीडीएडिट /एनम ऑल म्हटल्यावर याशिवायही अनेक नोंदी दिसतात: हायबरनेशनमधून परतण्याची, मेमरी तपासणीची, दुरुस्तीची. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावरील यादीत त्या दिसत नाहीत आणि त्या काढून काही मिळत नाही. स्वच्छतेच्या हौसेने त्यांना हात लावू नये.

आपल्या घरी नवा लॅपटॉप असेल तर तेथे चित्र वेगळे असते. यूईएफआय पद्धतीत वही ईएफआय सिस्टिम पार्टिशनवर असते आणि तिच्याखेरीज मदरबोर्डच्या स्मृतीतही नावांची एक स्वतंत्र यादी असते. एखादे नाव विंडोजच्या यादीतून गेले तरी बायोसच्या यादीत दिसत राहते ते यामुळे. मदरबोर्डची ती यादी बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर या आज्ञेने पाहता येते. वर सांगितलेला एसएसडीवर नवी वही करण्याचा उपाय यूईएफआयवर करायचा तर आधी एसएसडीवर छोटेसे ईएफआय पार्टिशन निर्माण करावे लागते. ते काम मी आपल्याला फक्त वाचून करायला सांगणार नाही, जाणकाराला समोर बसवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील डेटा कुलूपबंद करणारी सोय, बरेचदा मालकाच्या नकळत चालू असते. बूटच्या व्यवस्थेत बदल झाला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती नसेल तर आतला डेटा कायमचा बंद होतो. म्हणून ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधी कागदावर उतरवून घ्यावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि मगच पुढे जावे.

लिनक्सबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एका गोष्टीपुरते लिहितो, कारण महाविद्यालयातली मुले हीच चूक दरवर्षी घेऊन येतात. अभ्यासक्रमासाठी उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार घालतात, परीक्षा झाली की विंडोजमधून तिचे पार्टिशन पुसतात आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू एवढीच अक्षरे दिसतात. लेगसी संगणकावर उबंटू आपली यादी दाखवणारा ग्रब हा प्रोग्रॅम डिस्कच्या आरंभी बसवते, पण त्याचा उरलेला भाग उबंटूच्याच पार्टिशनवर असतो. पार्टिशन गेले की ग्रब अर्धा उरतो. तेथे क्रम उलटा हवा: आधी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून बूटरेक /फिक्सएमबीआर देऊन विंडोजचा स्वतःचा कोड बसवावा, विंडोज थेट सुरू होते हे पाहावे आणि त्यानंतर पार्टिशन पुसावे. यूईएफआय लॅपटॉपवर त्याऐवजी फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डच्या, यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिला आणावा. आणि कोणाला लिनक्स ठेवून विंडोजचे नाव ग्रबच्या यादीतून काढायचे असेल, तर इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाईलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर हा पर्याय ट्रू करून उबंटूत अपडेट-ग्रब चालवले की पुरते.

आता जुनी डिस्क कोरी करण्याविषयी. वरील उपाय करून महिनाभर संगणक निर्वेध चालला, तर तांत्रिक दृष्ट्या तिच्यावर काही अडलेले नाही. विंडोज ७ ची फोल्डरे एकेक करून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यांतील बहुतेकांवर परवानगी नाकारली जाते आणि तासन्‌तास जातात. हवा तो डेटा बाजूला घेऊन पार्टिशन फॉरमॅट करणे हाच मार्ग. हवा तो डेटा म्हणजे केवळ हिशेबाचे फोल्डर नव्हे: युजर्स या फोल्डरमधील डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, ईमेलचा जुना साठा, बँकेकडून आलेली विवरणे, स्कॅनरने कुठेतरी टाकून ठेवलेल्या पावत्या हेही पाहावे. डेस्कटॉपवर काही नसेल असे वाटते, आणि तिथेच सर्वांत जास्त असते.

परंतु ही डिस्क आपण कोरी करू नये असे माझे मत आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात आणि आपल्या जुन्या हिशेबातील काही वर्षे त्या मुदतीत येत असण्याची शक्यता आहे. स्कॅन प्रतींसाठी नवी डिस्क घेण्याचा खर्च त्यापुढे मोठा नाही. शिवाय जुनी हार्ड डिस्क इतकी वर्षे फिरलेली असते; तिच्यावर नवे काम सोपवण्यापेक्षा तिला निवृत्त करून साठवणीत ठेवणे शहाणपणाचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे आलेल्या संगणकांत ज्यांचे हिशेब वाचले त्यांपैकी काहींचे ते अशाच एका जुन्या, कपाटात विसरलेल्या डिस्कवरून वाचले होते, कारण ते कपाट वरच्या मजल्यावर होते.

तेव्हा ती डिस्क संगणकातून काढावी, कागदाच्या पट्टीवर त्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे हिशेब आहेत आणि विंडोज ७ चा पासवर्ड काय होता हे लिहून तिच्यासोबत बंद लिफाफ्यात ठेवावे आणि लिफाफा मालकांच्या घरी, तळमजला सोडून, कुलपात द्यावा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, ती जोडून उघडते का ते पाहावे. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आहेत, म्हणून त्या डिस्कवरून संगणक सुरू कराल तेव्हा इंटरनेटची वायर काढलेली असावी. विंडोज १० च्याही नेहमीच्या दुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली आहे. नवा संगणक घेण्याचा विचार होईल तेव्हा तंत्रज्ञाला फक्त इतकेच सांगावे, की विंडोज घालताना दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली नको.